हळदीचा पिवळा आणि क्रोमचा पिवळा

मराठवाड्यांत हिंगोली जिल्ह्यांतील वसमत हें गांव हळदीचें म्हणून प्रसिद्ध आहे. माघ-फाल्गुनाच्या सुमारास शेतांतून हळदीचे गड्डे निघूं लागतात, मोठमोठ्या कढयांतून अथवा वाफेच्या कुकरांतून हळद शिजते, पुढें कित्येक दिवस उन्हांत वाळते, आणि शेवटीं पत्र्याच्या फिरत्या ड्रममध्यें घासून पॉलिश झालेलीं हळकुंडें पोत्यांत भरून बाजाराच्या आवारांत येतात. २०२४ सालीं ‘वसमत हळद’ या नांवानें या मालाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. हळदीची पारख असणारा मनुष्य हळकुंड मोडून पाहतो. तें खणकन तुटावें, आंतला गाभा नारिंगी झांकीचा पिवळा असावा, वास उग्र यावा, अशी त्याची अपेक्षा असते. शहरांतील बहुतेक गिऱ्हाईक मात्र हळकुंड मोडीत नाहीं. तें वरचा रंग पाहतें. आणि ज्या वस्तूची किंमत वरच्या रंगावर ठरते, त्या वस्तूला रंग फांसण्याचा मोह कोठें तरी, कोणाला तरी होतोच.

या कामीं जो रंग वापरला गेल्याचें वारंवार उघडकीस आलें आहे, तो म्हणजे शिशाचा क्रोमेट. रंगारी लोक यालाच क्रोम यलो म्हणतात. लांकूड, लोखंड, रस्त्यावरील पट्टे रंगविण्यासाठीं निर्माण झालेला हा पदार्थ. त्याचा पिवळा रंग पाण्यांत सहसा विरघळत नाहीं, आणि हळदीच्या रंगाशीं तो इतका मिळता असतो कीं, नुसत्या डोळ्यांस फरक कळणें कठीण. या एका पदार्थांत दोन विषें एकत्र नांदतात. शिशाविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. मुलांच्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो, हें सुशिक्षित घरांतून आतां माहीत झालें आहे. दुसरा भागीदार जो क्रोम, त्याची मात्र फारशी विचारपूस होत नाहीं. हा क्रोम शरीराच्या निरनिराळ्या अवयवांत शिरून काय करतो, हें मनुष्याला मुख्यतः प्रयोगशाळेंतील पांढऱ्या उंदरांनीं शिकविलें. त्या उंदरांची ही हकीकत आहे. वसमतच्या मालावर येथें कसलाहि आक्षेप नाहीं. उलट अशा भेसळीनें पहिलें नुकसान होतें तें चांगला माल पिकविणाऱ्या शेतकऱ्याचेंच.

क्रोम हा धातु १७९७ सालीं वोकलँ नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें सायबेरियांतून आलेल्या एका तांबड्या खनिजांतून शोधून काढला. तें खनिज म्हणजे निसर्गतः बनलेला शिशाचा क्रोमेटच होय. या धातूचे क्षार नाना रंगांचे असतात, म्हणून ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. पाचूचा हिरवा आणि माणकाचा तांबडा हे दोन्हीहि रंग क्रोमच्या अंशमात्र अस्तित्वामुळें येतात, हें कदाचित् पुष्कळांस नवल वाटेल. गंज न चढणाऱ्या पोलादाच्या भांड्यांत क्रोम असतो, चकचकीत नळांवर त्याचा मुलामा असतो. या रूपांत तो घरांत असला म्हणून भिण्याचें कांहींच कारण नाहीं.

भीति आहे ती दुसऱ्या रूपाची, आणि हा भेद नीट ध्यानांत ठेवला पाहिजे. कारण वर्तमानपत्रांतून ‘क्रोमियम विषारी’ एवढेंच छापून येतें व वाचक उगाच घाबरतो. क्रोमचे संयुग दोन मुख्य प्रकारांनीं आढळतात. एक त्रिसंयुजी व दुसरा षट्‌संयुजी. त्रिसंयुजी क्रोम बहुधा हिरवा वा जांभळट, स्वभावानें मंद; तो शरीरांत सहजासहजीं शिरत नाहीं. कातडें कमावण्यासाठीं जो क्रोम वापरतात तो याच जातीचा. (कोल्हापुरी चपलांचें कातडें तर परंपरेनें बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनींच कमावलेलें असतें.) षट्‌संयुजी क्रोम पिवळा अथवा नारिंगी. शाळेच्या प्रयोगशाळेंत कांचेच्या बाटलींत जे नारिंगी खडे विद्यार्थ्यांनीं पाहिलेले असतात, ते पोटॅशियम डायक्रोमेटचे. आणि त्या बाटलीला हात लावूं नका, असें गुरुजी जें बजावीत, तें योग्यच होतें. शिशाच्या क्रोमेटमधील क्रोम याच दुसऱ्या, षट्‌संयुजी जातीचा आहे.

आतां उंदराकडे वळूं. ज्यांच्या घरीं वडिलधाऱ्यांनीं प्लेगच्या सांथीच्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांच्या मनांत उंदीर म्हटला कीं घर सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जाण्याचें चित्र उभें राहतें. मुंबईची हाफकिन संस्था १८९९ सालीं निघाली तीहि प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा म्हणूनच. परंतु प्रयोगशाळेंतील पांढरा उंदीर निराळा. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यांत वाढलेला, स्वच्छ, तांबड्या डोळ्यांचा व स्वभावानें गरीब असा हा प्राणी आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंत १९०६ सालापासून वाढविलेल्या वंशाचे उंदीर आज जगभर, आपल्या देशांतील विद्यापीठांतहि, वापरले जातात. सर्व उंदीर जवळजवळ एकाच साच्याचे असल्यानें एका गटास विष दिलें व दुसऱ्यास दिलें नाहीं, तर दोहोंत जो फरक दिसेल तो विषाचाच, असें खात्रीनें म्हणतां येतें. त्याचें आयुष्य दोन ते तीन वर्षांचें. म्हणून दोन वर्षें चाललेला प्रयोग म्हणजे त्याच्या दृष्टीनें जवळजवळ सबंध जन्माचा प्रयोग होय. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यान्वयें अशा प्रयोगांवर देखरेख असते व संस्थेच्या नीतिसमितीची संमति घेतल्यावांचून ते करतां येत नाहींत. ही देखरेख किती काटेकोर असावी याविषयीं मतभेद होतील, पण ती असावी यांत दुमत नसावें.

षट्‌संयुजी क्रोमचें कपट त्याच्या आकारांत आहे. पाण्यांत विरघळल्यावर त्याचा जो क्रोमेट कण बनतो, तो घडणीनें सल्फेटच्या कणासारखा दिसतो. सल्फेट हा शरीराच्या नित्य उपयोगाचा क्षार. त्याला आंत घेण्यासाठीं प्रत्येक पेशीच्या आवरणांत दारें ठेवलेलीं आहेत. लग्नघरांत वऱ्हाडी म्हणून कोणीहि नटूनथटून यावें आणि गर्दींत त्याला कोणीं अडवूं नये, त्याप्रमाणें क्रोमेट या दारांतून बिनदिक्कत आंत जातो. त्रिसंयुजी क्रोमचें रूप निराळें असल्यामुळें तो दारावरच थांबतो.

आंत गेल्यावर खरी गडबड सुरू होते. पेशींत ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व इत्यादि रक्षक द्रव्यें असतात. तीं क्रोमेटवर तुटून पडतात आणि त्याचें रूपांतर करीत करीत अखेर त्याला त्रिसंयुजी, म्हणजे मंद, रूपास आणतात. वरवर पाहतां हें उत्तमच झालें असें वाटेल. परंतु सहावरून तीनवर येतांना मध्यें पांच आणि चार या पायऱ्या लागतात. या पायऱ्यांवरील क्रोम क्षणजीवी पण अत्यंत दाहक असतो, आणि त्याच्या संगतींत प्राणवायूचे असे उतावळे कण निर्माण होतात कीं, जें समोर येईल त्यास ते जाळीत सुटतात. पेशीचें स्निग्ध आवरण, तिची शक्ति निर्माण करणारीं कणिकाकेंद्रें, आणि जींत वंशाचा लेख असतो ती डीएनएची सांखळी, या सर्वांना झळ पोहोंचते. शेवटीं जो त्रिसंयुजी क्रोम उरतो, तोहि आतां आंतच अडकलेला असतो व डीएनएला चिकटून बसतो. बाहेर असतां जो निरुपद्रवी होता, तोच घरांत कोंडला गेल्यावर उपद्रव देतो. हीच क्रिया जठरांतील अम्लांत, म्हणजे पेशीच्या बाहेर घडली, तर ती हिताची ठरते. पोटांत गेलेल्या क्रोमेटपैकीं बराच भाग जठरांतच मंद रूपास येतो व मलावाटे निघून जातो. रूपांतर एकच, तें कोठें होतें यावर तारण कीं मारण हें ठरतें.

सर्वांत आधीं व सर्वांत जास्त जो अवयव सोसतो, तो म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडाचें काम समजल्यावांचून याचें कारण कळणार नाहीं. मनुष्याच्या दोन मूत्रपिंडांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतील दीड-दोन लिटर वगळतां बाकीचा सर्व परत रक्तांत घेतला जातो. हें परत घेण्याचें बहुतेक काम प्रत्येक सूक्ष्म नळीच्या आरंभींच्या नागमोडी भागांत होतें. जो भाग सर्वांत अधिक शोषून घेतो, त्याच्याच वाट्याला विषहि सर्वांत अधिक येतें. उंदराला देहाच्या दर किलोग्रॅम वजनामागें १५ मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट एकदांच टोचतात. पाव किलो वजनाच्या उंदरास हें प्रमाण पावणेचार मिलिग्रॅम पडतें, म्हणजे मिठाच्या एका चिमटीचाहि लहानसा अंश. एवढ्यानें एक-दोन दिवसांत त्याच्या रक्तांतील युरिया व क्रिएटिनिन वाढूं लागतात, मूत्रांतून प्रथिनें आणि साखर वाहूं लागते. ही साखर मधुमेहाची नव्हे. जी परत घ्यावयाची ती घेणारे हातच लुळे पडले, म्हणून ती वाहून जाते. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां त्या नागमोडी नळ्यांच्या भिंतींवरील पेशी सुजलेल्या, फुटलेल्या, कोठें कोठें अजिबात गळून पडलेल्या दिसतात, व त्यांच्या कचऱ्यानें नळीचें तोंड बुजलेलें असतें. विशेष हें कीं, शेजारच्याच गाळणीच्या गुंतवळ्यांना त्या मानानें फारच थोडी इजा झालेली असते. मात्रा प्राणघातक नसेल, तर पुढें उरलेल्या पेशी वाढून भिंतीचें लिंपण पुन्हां होऊं लागतें. ही दुरुस्तीची शक्ति मूत्रपिंडांत आहे, परंतु रोज थोडें थोडें विष येत राहिलें तर दुरुस्तीला उसंत मिळत नाहीं.

यकृताची गोष्ट थोडी निराळी. अन्नमार्गांतून शोषलेलें सर्व कांहीं प्रथम यकृतांतूनच जातें, म्हणून तोंडावाटे दिलेल्या क्रोमचा पहिला मोठा जकातनाका हाच. येथें ग्लुटाथायोनचा सांठा भरपूर असतो व पुष्कळसा क्रोम येथें अडतो. तो सांठा सरत आला म्हणजे मात्र पेशींत चरबीचे थेंब जमूं लागतात, रक्ताच्या सूक्ष्म वाटा तुंबतात, आणि यकृतपेशींतील जीं विकरें आंत राहावयाचीं तीं रक्तांत झिरपतात. डॉक्टर मंडळी ‘लिव्हरची तपासणी’ म्हणून रक्तांतील ज्या दोन आंकड्यांकडे पाहतात, तीं हींच विकरें.

रक्तांतील तांबड्या पेशींतहि क्रोमेट शिरतो व आंत हिमोग्लोबिनला चिकटून कायमचा अडकतो. या खोडीचा वैद्यकानें उपयोगच करून घेतला. किरणोत्सर्गी क्रोमची खूण तांबड्या पेशींना लावून त्या शरीरांत किती दिवस जगतात, हें मोजण्याची रीत रुग्णालयांतून पुष्कळ वर्षें रूढ होती. अर्थात् त्या कामीं लागणारा क्रोम अत्यल्प असतो.

प्रजोत्पादनाच्या अवयवांविषयीं थोडक्यांतच सांगावयाचें. क्रोम दिलेल्या नर उंदरांत शुक्रबीजें कमी होतात व तीं विकृत निघतात. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रांत १९९० नंतरच्या दशकांत माद्यांना पोटॅशियम डायक्रोमेटचें पाणी देऊन प्रयोग झाले. त्यांत गर्भ गळण्याचें प्रमाण वाढलें व जे वाढले त्यांत व्यंगें आढळलीं.

दीर्घकाळ थोडथोडा क्रोम पोटांत गेल्यास काय होतें, या प्रश्नाचें सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमानें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत सांपडतें. तेथें सोडियम डायक्रोमेट मिसळलेलें पाणी उंदरांना दोन वर्षें पिण्यास दिलें. सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटांत पाण्याच्या दर लिटरमागें ५१६ मिलिग्रॅम तो क्षार होता, म्हणजे क्रोमच्या हिशेबानें सुमारें १८० मिलिग्रॅम. या गटांतील नर व मादी दोघांच्याहि तोंडाच्या अस्तरांत कर्करोगाच्या गांठी झाल्या. आणि माऊस नांवाच्या लहान जातीच्या उंदरांत त्या लहान आंतड्यांत झाल्या. जठरांतील अम्ल क्रोमला निकामी करतें, म्हणून तोंडावाटे गेलेल्या क्रोमपासून कर्करोगाचें भय नाहीं, असें पूर्वी पुष्कळ तज्ज्ञ म्हणत. त्या म्हणण्याला या प्रयोगानें मोठें भगदाड पडलें. तरी आंकड्यांचें प्रमाण विसरूं नये. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें एकूण क्रोम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावा. उंदरांना दिलेलें पाणी याच्या ३,६०० पट तीव्र होतें.

फुप्फुसांच्या बाबतींत तर उंदरांच्या आधीं मनुष्यच साक्षीदार झाला. क्रोमेटच्या कारखान्यांतील कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोंकें पडतात, हें एकोणिसाव्या शतकांतच डॉक्टरांच्या नजरेस आलें होतें. पुढें त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण फार दिसलें, आणि १९९० सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें षट्‌संयुजी क्रोमची गणना मनुष्याला निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. त्रिसंयुजी क्रोम त्या वर्गांत नाहीं.

उंदरावरून मनुष्याविषयीं बोलतांना जपून बोलावें लागतें. उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतांत तयार करतो. मनुष्याला तें आवळा, लिंबू, पेरू यांतून घ्यावें लागतें. उंदराला पित्ताशय नाहीं. त्याला ओकारी येत नाहीं. नको तें खाल्लें तरी बाहेर टाकण्याची सोय निसर्गानें त्याला दिलेली नाहीं. शिवाय टोचून दिलेलें विष आणि भाजी-आमटींतून पोटांत गेलेलें विष यांत अंतर आहे. शिशाचा क्रोमेट पोटॅशियम डायक्रोमेटसारखा पाण्यांत चटकन विरघळत नाहीं, म्हणून त्यांतला क्रोम तितक्या वेगानें सुटत नाहीं. जठराच्या अम्लांत त्याचा कांहीं अंश मात्र सुटतो, आणि त्याच्या बरोबरीनें शिसेंहि सुटतें. भेसळीच्या हळदींत तांतडीचा धोका शिशाचाच अधिक, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. परंतु चोर दोघे असतां एकालाच पकडून दुसऱ्याला सोडून देणें हा कांहीं न्याय नव्हे.

या कथेंत हळद दुसऱ्याहि बाजूनें येते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ व २०१३ सालीं असे प्रयोग प्रसिद्ध केले कीं, उंदरांना डायक्रोमेट टोचण्यापूर्वी दहा दिवस हळदीतील कुर्कुमिन हें पिवळें द्रव्य तोंडावाटे दिलें, तर त्यांच्या मूत्रपिंडांची व यकृताची हानि बरीच कमी होते. ग्लुटाथायोनचा सांठा टिकतो, नळ्यांच्या पेशी कमी मरतात. हें वाचून एखादी गृहिणी म्हणेल, मग हळदीतच विष आणि हळदीतच उतारा, काळजी कसली? येथें त्रैराशिक मांडून पाहावें. उंदरांना दिलेली मात्रा दर किलोमागें ४०० मिलिग्रॅमपर्यंत होती. साठ किलो वजनाच्या मनुष्यास सरळ त्याच प्रमाणानें २४ ग्रॅम कुर्कुमिन रोज लागेल. हळदींत कुर्कुमिन शेंकडा तीन धरलें, तर ही ८०० ग्रॅम हळद झाली! लहान प्राण्यांच्या मात्रा मोठ्यांस लावतांना त्या सुमारें सहापटीनें कमी कराव्यात असा संकेत आहे. तसें केलें तरी रोज सव्वाशेपेक्षां अधिक ग्रॅम हळद उरतेच. शिवाय कुर्कुमिन आंतड्यांतून फारच थोडें शोषलें जातें, आणि त्या उंदरांना उतारा आधीं दिला होता, विष मागाहून. स्वयंपाकांतल्या चिमूटभर हळदीला हें काम सांगणें व्यर्थ आहे. प्रयोग खोटा नाहीं, त्यावरून बाजारांत निघालेल्या जाहिराती मात्र पुष्कळदां अतिशयोक्त असतात.

भेसळ किती दूर पसरली आहे याचा एक अंदाज २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत मिळतो. भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने गोळा केले, तेव्हां सुमारें शेंकडा १४ नमुन्यांत शिसें आढळलें. पाटणा, कराची व पेशावर येथील कांहीं नमुन्यांत तें दर ग्रॅममागें १,००० मायक्रोग्रॅमच्याहि वर होतें. आपल्याकडील कायद्याची मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. शिसें आणि क्रोम एकाच प्रमाणांत जोडीनें सांपडले, म्हणजे हें जमिनींतून आलेलें नसून रंगाच्या डब्यांतून आलेलें आहे, असा तर्क करतां येतो.

बांगलादेशांत ही चाल १९८० नंतरच्या दशकांत एका पुरानंतर सुरू झाली, असें तेथील पाहणी करणाऱ्यांस समजलें. भिजलेली हळद काळवंडली, ती खपेना, म्हणून पॉलिश करतांना रंग टाकला. आणि एकदां गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तो भडक पिवळा संवयीचा झाल्यावर चांगली हळदहि त्यापुढें फिकी दिसूं लागली. २०१९ सालीं तेथें बाजारांतील शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें निघालें. मग सरकारनें लोकांना सूचना दिल्या, व्यापाऱ्यांना दंड केले, क्षकिरणांच्या हातांत धरण्याजोग्या यंत्रानें जागच्या जागीं तपासणी केली. २०२१ सालीं घेतलेल्या नमुन्यांत तें प्रमाण शून्यावर आलें. एवढ्या थोड्या अवधींत असा फरक पडल्याचीं उदाहरणें विरळाच.

वसमतला २०२२ सालीं राज्यशासनानें हळदीच्या संशोधन व प्रशिक्षणासाठीं हरिद्रा केंद्र मंजूर केलें आहे. अशा ठिकाणीं उत्पादनाच्या जोडीला शुद्धतेची तपासणीहि होऊं लागली, तर मानांकनाच्या कागदाला खरें वजन येईल. घरच्या घरीं करण्याजोगी एक साधी परीक्षा अन्नसुरक्षा प्राधिकरणानेंच सांगितलेली आहे. कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घेऊन त्यांत अख्खें हळकुंड सोडावें. शुद्ध हळकुंड पाण्याला रंग देत नाहीं. रंग फांसलेलें असेल तर पाण्यांत लगेच पिवळा लोट उतरतो. दळलेल्या पुडीची परीक्षा इतकी सोपी नाहीं, म्हणून वर्षाची हळद अख्खी घेऊन घरीं कुटून किंवा गिरणींतून दळून आणण्याची जुनी रीत अजून सोयीची आहे. घेतांना दोन-चार हळकुंडें दुकानदारासमोर मोडून पाहावींत. वरून झळझळीत आणि आंतून निस्तेज असें निघालें, तर तें पोत्यांत परत टाकून दुसरें दुकान गांठावें.